शिक्का माझा, चांदी कोणाची?



रोज एक श्लोक, या आपल्या नेमात आज तिसऱ्या अध्यायातला सत्ताविसावा श्लोक आला आहे. काल आपण पाहिलं की जाणत्या माणसाने नेणत्यांचा बुद्धिभेद करू नये, स्वतः नीट कर्म करावं आणि त्यांच्याकडूनही गोडीने करून घ्यावं. आज भगवंत त्या जाणत्याचा आणि नेणत्याचा फरक एका वाक्यात सांगतात. सगळी कर्मं प्रकृतीच्या गुणांकडून होत असतात, पण अहंकाराने ज्याची मती झाकोळली आहे तो ‘हे मी केलं’ असं धरून बसतो.

खरं सांगतो, गेल्या आवर्तनात हा श्लोक मी चार ओळींत उरकला होता. अर्थ दिला, ‘अहंकार सोडावा’ म्हटलं, पुढे गेलो. तेव्हा तो मला टोचला नव्हता. या वेळी टोचला. तो कसा, ते सांगण्यासाठी आधी आमच्या देवघरातल्या एका रुपयाची गोष्ट सांगतो.

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला ताम्हनात एक जुना चांदीचा रुपया ठेवतात. १८६२ चा, व्हिक्टोरिया राणीचा, बरोब्बर तोळाभर वजनाचा. पणजोबांचं पनवेलला भुसारी दुकान होतं, त्या गल्ल्यातला हा शेवटचा रुपया असं आजोबा सांगायचे. या दिवाळीत माझ्या लेकीने तो हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि विचारलं, “बाबा, हिच्या गालाला काय लागलंय?”

मी इतकी वर्षं तो रुपया चिंचेने घासतोय, पण नीट बघितलं नव्हतं. राणीच्या गालावर एक बारीक चांदणी ठोकलेली, मानेजवळ चंद्रकोर, मागच्या बाजूला दोन ठिपके आणि एक चीर. मला वाटलं, कुठेतरी आपटला असेल. आई म्हणाली, “आपटला नाही रे. सराफांच्या खुणा आहेत त्या. पूर्वी रुपया हातात आला की नुसता घ्यायचे नाहीत. ठणकावून बघायचे, कसाला लावायचे, शंका आली तर छिन्नीने टोचून बघायचे की आत तांबं तर नाही ना. खरा निघाला की आपली खूण मारून द्यायचे.”

“म्हणजे तो त्यांचा झाला?” लेकीचा प्रश्न.

“छे गं! त्यांनी नुसतं सांगितलं की हा खरा आहे. रुपया ज्याचा त्याचाच.”

पूजा झाली, फराळ झाला, पण आईचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. रुपया ज्याचा त्याचाच.

आपल्याकडे नाणी पारखणं हे एक मोठं काम होतं. गावगाड्यात त्यासाठी पोतदार असायचा. आज ते फक्त आडनाव उरलंय. पेशवाईत एकाच बाजारात अंकुशी, चांदोरी असे कितीतरी प्रकारचे रुपये फिरत. कुठल्या टांकसाळीचा, किती जुना, किती झिजलेला, यावर त्याची किंमत ठरायची. कमी कसाच्या किंवा परमुलखातल्या रुपयाला बदलून देताना जी कात्री लागायची, तिला म्हणायचे बट्टा. ‘नावाला बट्टा लागणे’ हे आपण आजही म्हणतो ना? ते याच व्यवहारातून आलंय. नाण्याला लागायचा तो बट्टा माणसाच्या नावालाही लागतो, हे भाषेने केव्हाच ओळखून ठेवलं होतं.

दिवाळीनंतर आम्ही त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीच्या दर्शनाला गेलो. परतताना अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय लागतं. रुपयाचं वेड ताजं होतं, म्हणून गाडी थांबवली. एरवी मी थांबलो नसतो. तिथून निघाल्यावर जोगलटेंभीच्या नाण्यांबद्दल जे मिळेल ते वाचत बसलो, ते अजून वाचतोच आहे.

जोगलटेंभी हे सिन्नर तालुक्यातलं गाव, गोदावरी आणि दारणेच्या संगमावरचं. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून जास्त नाणी! सगळी मुळात नहपानाची. नहपान म्हणजे क्षहरात घराण्यातला क्षत्रप, परक्या वंशाचा राजा. साधारण १९०० वर्षांपूर्वी नाशिक, जुन्नर, कार्ले या भागावर त्याचा अंमल होता. आपल्या पनवेलहून घाट चढून गेलं की जी कार्ल्याची लेणी लागतात, तिथे त्याच्या जावयाचा, उषवदाताचा, दानाचा लेख आहे. नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र.

पुढे सातवाहनांच्या गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा पाडाव केला. त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, नाशिकच्या पांडवलेण्यातल्या लेखात हा पराक्रम कोरून ठेवलाय. राज्य जिंकलं, पण बाजारात पैसा नहपानाचाच फिरत होता. राजाने काय केलं? नाणी वितळवली नाहीत. त्याच नाण्यांवर आपला ठसा मारला. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि आपलं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. जोगलटेंभीच्या साठ्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर हा दुसरा ठसा आहे. उरलेली नुसती नहपानाचीच आहेत.

मला सगळ्यात विलक्षण वाटली ती एक गोष्ट. दुसरा ठसा मारल्यावरही बऱ्याच नाण्यांवर पहिला चेहरा दिसतो. डोंगराच्या कमानीमागून नहपानाचं नाक डोकावतं, कडेला ग्रीक अक्षरं उरलेली असतात. एवढ्या मोठ्या राजाचा घाव, पण खालचं पुसलं गेलं नाही. आणि राजाला ते पुसायचंही नव्हतं. त्याला एवढंच सांगायचं होतं की आजपासून हे नाणं माझ्या राज्यात चालेल, त्याची हमी माझी.

ही रीत फक्त आपलीच नाही. अमेरिका नवी होती तेव्हा तिच्याकडे स्वतःची चांदीची नाणी पुरेशी नव्हती. तिथल्या बाजारात मेक्सिको, पेरूकडची स्पॅनिश नाणी सर्रास चालायची, १८५७ पर्यंत तर कायद्यानेही चालायची. दोन रियालचं नाणं म्हणजे पाव डॉलर. तिथले सोनार, औषधवाले, दुकानदार अशा झिजलेल्या नाण्यांवर आपलं नाव ठोकून द्यायचे. नाणं हातोहात फिरणार आणि फुकटात जाहिरात होणार! न्यू हॅम्पशायरमधल्या पिट्सफिल्ड गावात विल्किन्स नावाचा एक दातांचा डॉक्टर होता. त्याने तांब्याच्या सेंटवर आपलं नाव इतक्या वेळा ठोकलं की ती नाणी आजही संग्राहकांकडे सापडतात. चांदी स्पेनच्या राजाच्या नावाची, खाणीत राबलेले मजूर कुठल्या कुठले आणि वर नाव कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं. पण त्यानेही खालचा राजा लपवला नव्हता. कोणी फसत नव्हतं.

म्हणजे बघा, तीन प्रकारचे ठसे झाले. राजाचा ठसा म्हणतो, ‘हे माझ्या राज्यात चालेल.’ सराफाचा म्हणतो, ‘हे मी पारखलंय.’ दुकानदाराचा म्हणतो, ‘मी इथे आहे, माझ्याकडे या.’ तिघंही दुसऱ्याच्या चांदीवर आपलं नाव टाकतात, तरी तिघंही चोर नाहीत. कारण ‘ही चांदी मी घडवली’ असं त्यातला एकही म्हणत नाही.

आता माझी गोष्ट.

मी एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या टीमचा लीड आहे. पैशांच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर बनवतो. गेल्या वर्षी आमच्या सिस्टिममध्ये एक विचित्र दोष आला होता. नेटवर्क अडखळलं की तोच व्यवहार कधीकधी दोनदा नोंदवला जायचा. आम्ही जुने लोक आठवडाभर डोकं आपटत होतो. तो शोधला आमच्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने, जेमतेम दीड वर्षाचा अनुभव. रात्रभर लॉग वाचून तिने नेमकी जागा पकडली आणि दुरुस्तीही लिहिली, तीही अगदी स्वच्छ.

तिच्या कामाचे बारीक बारीक अकरा तुकडे होते. मी ते एकत्र करून मुख्य कोडमध्ये घातले. हे करायच्या दोन रीती असतात. एका रीतीत मूळ लिहिणाऱ्याचं नाव राहतं. दुसरीत, एकत्र करणाऱ्याचं नाव लागतं. मी घाईत दुसरी वापरली. निदान स्वतःला मी ‘घाईत’ असंच सांगितलं. दोन दिवसांनी मोठ्या मीटिंगमध्ये वरिष्ठांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. पडद्यावर ते कोड होतं आणि त्यावर माझं नाव. ती मुलगीही मीटिंगमध्ये होती. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. मी हसलो आणि म्हणालो, “थँक यू, टीमने मदत केली.”

टीमने मदत केली! याला काय म्हणणार? राजाचा ठसा नव्हता हा, सराफाचाही नव्हता, दुकानदाराचाही नव्हता. मी खालचा चेहरा घासून काढला होता आणि मग वर माझं नाव ठोकलं होतं. त्या वर्षीच्या मूल्यमापनात मला बढती मिळाली. ती काही बोलली नाही. फक्त त्यानंतर रात्री जागून काही शोधायचं तिने बंद केलं. दिलेलं काम करायची, सहाला निघून जायची. मी एकदा दुसऱ्या लीडला म्हटलंसुद्धा, “आजकालच्या मुलांमध्ये ती तळमळच नाही राहिली.”

हे वाक्य आठवलं की आज कान गरम होतात.

गिट नावाचं जे साधन आम्ही कोडच्या नोंदींसाठी वापरतो, त्यात प्रत्येक नोंदीला दोन वेगळे रकाने असतात. एक ‘ऑथर’, म्हणजे ज्याने लिहिलं तो. दुसरा ‘कमिटर’, म्हणजे ज्याने ते आत घातलं तो. बारा वर्षं मी हे रोज बघतोय. पण दोन रकाने का ठेवले, हे मला राणीच्या गालावरची चांदणी बघेपर्यंत कळलं नव्हतं. टांकसाळ वेगळी, सराफ वेगळा. दोघांनाही मान आहे, दोघांचीही जागा आहे. पण सराफाने टांकसाळीच्या रकान्यात बसायचं नाही.

आपल्या संतांनी हे किती काटेकोरपणे पाळलंय बघा. ज्ञानेश्वरीचं श्रेय माउली पानोपानी निवृत्तिनाथांना देतात. ज्यांच्या समाधीचं दर्शन घेऊन मी परतत होतो, ते हेच. बरं, गुरूंचं नाव तर कोणीही घेईल. ग्रंथाच्या अगदी शेवटी शके १२१२ असं वर्ष येतं आणि त्यासोबत लिहून घेणाऱ्याचं, सच्चिदानंदबाबांचं, नाव येतं. एवढा मोठा ग्रंथ पूर्ण होताना शेवटच्या ओवीत लेखनिकाला जागा!

त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी नाथमहाराज आले. तोवर ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये चुका आणि पाठभेद शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केला. केवढे कष्ट असतील ते! आणि नाथ स्वतः महाकवी. चार ओव्या आपल्या घातल्या असत्या तर कोणाला कळलं असतं? पण त्यांनी काय केलं? मूळ ग्रंथ जसा होता तसा उजळून दिला आणि शेवटी, अगदी बाजूला, नोंद केली की अमुक साली हे शुद्ध केलं. वर बजावलं की यात कोणी आपली ओवी घालेल तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. हा खरा सराफाचा ठसा. ‘मी पारखलंय, चांदी माउलींची आहे.’ आज नाथांचा मान त्यामुळे कमी झाला का? उलट, ज्ञानेश्वरी हातात घेताना आपण दोघांनाही नमस्कार करतो.

आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे विनोबा. त्यांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली. ती आज आपल्या हाती आहेत ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून. बोलणारे विनोबा, लिहिणारे गुरुजी. साने गुरुजींसारख्या लेखकाने दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता परत श्लोकाकडे येऊ. भगवंत म्हणतात, कर्म प्रकृतीचे गुण करतात. मी विचार करत बसलो की समजा मी तो दोष खरंच स्वतः शोधला असता, तरी त्यात माझं असं काय होतं? बुद्धी आईबापांकडून आली. शिक्षण आजोबांच्या दुकानाच्या पैशांतून झालं. ज्या भाषेत कोड लिहिलं ती कोणा दुसऱ्याने बनवलेली. संगणकही दुसऱ्याने बनवलेला. देह पंचमहाभूतांचा, अन्न कोणा शेतकऱ्याचं, श्वास तर कोणाचा तेही माहीत नाही. खाली सगळी चांदी दुसऱ्याची. वर ‘मी’ नावाचा एक बारीकसा ठसा. व्यवहारात त्या ठशाची गरज आहे, ठशाशिवाय नाणं चालत नाही. पण ठशाने स्वतःला चांदी समजायला लागणं, हाच अहंकार. आजच्या श्लोकात मला एवढंच दिसतं.

इथे एक पळवाट आहे, ती आधीच बंद करू. कोणी म्हणेल, ‘सगळं प्रकृतीच करते ना? मग मी नाव चोरलं तेही प्रकृतीनेच केलं, माझा काय दोष?’ मीही हे मनात म्हणून बघितलं. पण गंमत बघा. कौतुकाच्या वेळी मी कर्ता होतो आणि दोषाच्या वेळी प्रकृती कर्ती झाली. जो खरोखर कर्तेपण सोडतो तो श्रेयापासून सुरुवात करतो. दोषापासून सुरुवात करतो तो अहंकारच, फक्त सदरा बदललेला.

मागच्या सोमवारी मी दोन गोष्टी केल्या. आधी त्या मुलीशी बोललो. “ते काम तुझं होतं. मीटिंगमध्ये मी गप्प बसलो, ते चुकलं.” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, मला वाटलं तुम्ही विसरलात.” मी म्हटलं, “विसरलो नव्हतो.” हे सांगणं सगळ्यात जड गेलं. ‘हो, विसरलो’ म्हणणं किती सोपं होतं!

मग वरिष्ठांना आणि पूर्ण टीमला मेल लिहिली. काय झालं, कोणी शोधलं, कोणी लिहिलं आणि मी काय केलं. सगळं साध्या शब्दांत. उत्तर आलं, “बरं झालं सांगितलंत. पण मागच्या वर्षीचं मूल्यमापन आता उघडता येणार नाही. या वर्षी लक्षात ठेवू.” म्हणजे तिचं एक वर्ष गेलं ते गेलं. माझी बढती तशीच आहे आणि तिचा पगारही मला रोज मिळतोच आहे. माफी मागितली म्हणून बट्टा निघून जात नाही, मंडळी. कोडच्या त्या जुन्या नोंदीवर अजूनही माझंच नाव आहे. ती नोंद आता बदलता येत नाही. मी तिच्याखाली एक नवी नोंद जोडली आहे, तिच्या नावानिशी. नहपानाचं नाक कमानीमागून थोडंसं तरी दिसावं, एवढंच आता माझ्या हातात होतं.

ती पुन्हा रात्री जागून काही शोधेल का, माहीत नाही. तिने का जागावं, हाही प्रश्नच आहे. पण परवा तिने एका चर्चेत माझं म्हणणं सगळ्यांसमोर खोडून काढलं. बरोबर होतं तिचं. गेल्या वर्षभरात ती असं काही बोललीच नव्हती. मला बरं वाटलं.

आजचा अभ्यास छोटासा आहे. आज दिवसभरात जिथे जिथे ‘मी केलं’ असं तोंडात येईल, तिथे क्षणभर थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, यात चांदी कोणाची आणि ठसा कोणाचा? घरात आईने, बायकोने, नवऱ्याने केलेलं काम आपण आपल्या नावावर खपवतो का? ऑफिसात, शाळेत, मंडळात कोणाचा चेहरा आपल्या नावाखाली घासला गेलाय का? एक जरी नाव आठवलं तर आज संध्याकाळच्या आत ते मोठ्याने घ्या. ज्यांच्यासमोर लपवलं होतं, त्यांच्यासमोरच. देवासमोर एकट्याने कबूल केलं तर मन हलकं होतं, पण त्या माणसाचं देणं फिटत नाही.

तो रुपया मी आता चिंचेने घासणं बंद केलंय. खुणा राहू देत. पणजोबांच्या गल्ल्यात येण्याआधी कुठल्या कुठल्या सराफांनी त्याची पारख केली, त्यांची नावं आज कोणालाच माहीत नाहीत. पण त्यांनी दिलेली साक्ष खरी होती. रुपया आजही खणखणीत वाजतो.

हे पांडुरंगा, चांदी तुझी आहे. माझ्या हातून ठसा मारला जाईल तो सराफाचा असू दे. ज्याचं आहे त्याचं नाव माझ्या तोंडून आधी येऊ दे.

उद्या अठ्ठाविसावा श्लोक. आज ज्याची मती झाकोळली तो पाहिला, उद्या ज्याला तत्त्व कळलं तो पाहू.

राम कृष्ण हरी.